आधी डोकं ओळख

पोरी, तुझा नर्सिंगला नंबर लागल्याचं कळलं तेव्हा देवापुढे साखर ठेवली. आठवड्याने तुझ्या आईचा फोन आला, की पुस्तक उघडलं की तुला रडू येतं, एकही इंग्रजी शब्द ध्यानात राहत नाही. मीही मराठी शाळेतूनच आले होते गं. ३४ वर्षं वॉर्डात काढली. माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरनी जे कानात सांगितलं, ते माझी थोडी भर घालून तुला देते.

अख्खा शब्द घोकू नकोस. त्याचं डोकं वेगळं काढ. शाळेत उपसर्ग शिकलीस ना? आहार, विहार, प्रहार, संहार. 'हार' तोच, पण पुढचं अक्षर बदललं की कुठे जेवण, कुठे मरण. दवाखान्यातले बहुतेक शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून आलेत आणि त्या दोन्ही भाषा संस्कृतच्या नात्यातल्या. म्हणून त्यांची डोकी तुझ्या ओळखीची निघतील. 'ॲप्निया'तला 'अ' म्हणजे आपल्या 'अज्ञान'मधला 'अ': श्वास नाही. पुढे स्वर आला की आपण 'अनादर' म्हणतो, तसं तिकडेही 'ॲन' होतं, म्हणून 'ॲनिमिया', रक्ताची कमतरता. 'डिस्प्निया'चं 'डिस' म्हणजे दुष्काळातलं 'दुस्': श्वास आहे, पण त्रासाचा. 'पेरिकार्डियम'चं 'पेरि' म्हणजे 'परि', हृदयाभोवतीचं वेष्टन.

आता जुळ्या डोक्यांकडे नीट लक्ष दे. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. आपल्याकडेही त्यांची भावंडं आहेत, 'उपरि' आणि 'उप'. सरकारी पत्रातलं 'उपरोक्त' म्हणजे वर सांगितलेलं आणि उपसरपंच सरपंचाच्या हाताखालचा. एवढं पक्कं धर.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी, डायबेटिसचा पेशंट, आणि फोनवर सांगितलेलं 'हायपो' मी 'हायपर' ऐकलं. इन्सुलिन भरून मी पलंगापाशी पोचले, तेवढ्यात सिस्टरनी मनगट धरलं. "आधी शुगर बघ." शुगर ४२ होती. ७० च्या खाली म्हणजे हायपो, हे मला पाठ होतं, पण त्या क्षणी माझ्या हातात साखर आणखी पाडणारं इंजेक्शन होतं. माणूस घामाने भिजला होता, बोलणं बरळल्यासारखं. शिरेतून डेक्स्ट्रोज गेलं आणि तो हळूहळू भानावर आला. माझे हात मात्र सकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून फोनवर कोणी काही सांगितलं की मी उलट मराठीत विचारायची, "साखर कमी झालीय, असंच ना?" लाज वाटू देऊ नकोस. तूही विचार.

'अँटी'ची दोन रूपं आहेत आणि आपण दोन्ही सारखीच उच्चारतो. लिहिताना बघ: शेवटी 'ई' असेल तर 'आधी', म्हणून 'अँटिनेटल' म्हणजे बाळंतपणाआधीची तपासणी. शेवटी 'आय' असेल तर 'विरुद्ध', जसं 'अँटिबायोटिक'.

'इंटर' आणि 'इंट्रा'साठी मराठीचाच आधार घे. आंतरजातीय लग्न दोन जातींमध्ये होतं, अंतर्गत भांडण घरातल्या घरात. 'इंटरकॉस्टल' म्हणजे दोन फासळ्यांच्या मधलं, 'इंट्रामस्क्युलर' म्हणजे स्नायूच्या आत. बीसीजी 'इंट्राडर्मल' असते, कातडीच्या थरात, आणि तिथे सुई खोल गेली तर चालत नाही.

'इन' मात्र फसवतं. 'इनकरेक्ट'मध्ये ते 'नाही' सांगतं, म्हणून स्पिरिटच्या बाटलीवर 'इन्फ्लेमेबल' वाचून एखादीला वाटतं, पेट घेत नाही. उलट आहे. तिथे 'इन' म्हणजे 'आत', आणि अर्थ भडकन पेटणारं. जखमेचं 'इन्फ्लमेशन' त्याच घरचं, आतून पेटल्यासारखा दाह. बाटली ज्योतीपासून लांब ठेव.

आणि डोक्यासारखं दिसणारं प्रत्येक अक्षर डोकं नसतं. 'अँकल' म्हणजे घोटा, त्यात 'नाही' शोधत बसू नकोस.

शेपट्यांचं पुढच्या खेपेला बोलू. 'युरिया' ही शेपटी लघवीची, एवढंच आज लक्षात ठेव, आणि रविवारी फोन करशील तेव्हा 'ॲन्युरिया', 'डिसयुरिया' आणि 'पॉलियुरिया'चे अर्थ मला सांग. पहिले दोन तुला पुस्तक न उघडता येतील.