अर्बुदातील द्रवदाब आणि किरणोपचार

निरोगी ऊतींत पेशींभोवतीच्या द्रवाचा दाब शून्याच्या आसपास असतो. कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात व झिरपलेला द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या निकामी झालेल्या असतात. परिणामी द्रव तुंबून दाब वाढतो, रक्ताभिसरण मंदावते आणि प्राणवायू कमी पडतो. प्राणवायूविरहित पेशी नष्ट करण्यास किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. टोरंटो येथील, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या १०२ रुग्णांची पाहणी झाली. अधिक द्रवदाब असलेल्या स्त्रियांत किरणोपचारानंतर रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा दाब रुग्णाच्या हाती नाही. वेळीच तपासणी करून घेणे मात्र आहे. पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव होत असल्यास स्त्रियांनी संकोच न करता त्वरित रुग्णालयात जावे.