उतारवयातील सर्पमादीची वीण



अमेरिकेत हौसेने पाळला जाणारा बॉल पायथन, म्हणजे घाबरला की अंगाचा गोळा करून डोके आत लपवणारा, मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला लहान अजगर, नीट निगा राखल्यास 30 वर्षेही जगतो. त्यामुळे उतारवयातील मादीची वीण करवावी काय, हा प्रश्न पाळणाऱ्यापुढे येतोच, आणि नुसते वय मोजून तो सुटत नाही.

सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथन मादीने 2020 मध्ये, साठी उलटल्यावर आणि निदान 15 वर्षे नराचा सहवास नसताना, 7 अंडी घातली, हे खरे. परंतु त्या अपवादावर भिस्त ठेवून घरच्या मादीचा जीव धोक्यात घालणे पाळणाऱ्यास शोभणार नाही.

तरुणपणापासून अधूनमधून विनासायास अंडी घालत आलेली मादी आणि तितक्याच वयाची, पण एकदाही अंडी न घातलेली मादी यांना एका मापाने मोजू नये. दुसरीला अंडी अडकण्याचा, म्हणजे अंडनलिकेतून अंडे पुढे न सरकण्याचा, धोका अधिक मानला जातो, आणि स्थूलपणा, शरीरातील पाण्याची कमतरता व शिथिल स्नायू त्यात भर घालतात. काही अंडी बाहेर आली, पण पोटावरून हात फिरवताना शेपटीकडच्या भागात अजून टणक गाठी लागत असतील, तर त्या दाबून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याने अंडनलिका फाटू शकते. सापांची माहिती असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवणे हाच शहाणपणा. नर नसतानाही मादी वांझ अंडी घालू शकते, म्हणून जोडा न लावलेल्या वृद्ध मादीवरही अंडी अडकण्याबाबत नजर हवीच.

अंडी घडतात ती साठवलेल्या चरबीतून, शिवाय या काळात मादी बहुधा खाणे सोडते आणि पुढे सुमारे दोन महिने अंड्यांना वेटोळे घालून बसते. म्हणून पाठीचा कणा बोटांना धारेसारखा लागत असेल, तर त्या वर्षी नर जवळ आणूच नये. एरवीही अंडी घातल्यावर वजन पूर्ववत होईपर्यंत, मग त्यास पूर्ण वर्ष लागो वा दोन, तिला विश्रांती द्यावी. आणि जिने कधीच अंडी घातली नाहीत, तिची वीण उतारवयात करवूच नये.