वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे

ग्वाल्हेरला आठ-नऊ महिन्यांचं बाळ तपासताना मी आईला हमखास विचारते, "काय खातं?" आई घाटीगावाकडून आलेली सहरिया आदिवासी असो, मुरारच्या दुकानदाराची बायको असो की लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यातली सून, उत्तर ठरलेलं असतं : "दाल का पानी." मराठी घरांत त्यालाच वरणाचं पाणी म्हणतात. सोबत भाताची पातळ पेज आणि दुधात कालवलेलं बिस्कीट. हलकं, पौष्टिक काहीतरी देतो आहोत, असं समाधान सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. वजनाचा काटा मात्र दोन-दोन महिने तिथल्या तिथे असतो.

डाळ शिजली की तिचं सत्त्व पाण्यात उतरतं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि ती चुकीची आहे. प्रथिनं आणि पिष्ट डाळीच्या दाण्यातच राहतात. वरच्या पाण्यात असते हळद, मीठ आणि थोडी चव. सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिलिलिटर मावतं. तेवढी जागा पाण्याने भरली की बाळ रडायचं थांबतं आणि पोट भरलं असं आपल्याला वाटतं. त्याहून वाईट म्हणजे त्या पाण्यामुळे बाळ अंगावरचं दूध कमी पितं. म्हणजे कसदार दूध सोडवून आपण त्याला पाणी पाजतो.

सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. त्यानंतर मात्र दूध एकटं पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०. त्या पाण्यातून येणार नाहीत. मऊ भात, घोटलेलं घट्ट वरण आणि वर चमचाभर तूप यांतून सहज येतील.

"आमच्या घरात कसलं कुपोषण? ते श्योपूरला, मेळघाटात," असं मला सुशिक्षित घरांतूनही ऐकावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची शंभरांतली सुमारे ३६ मुलं वयाच्या मानाने खुजी आणि १९ उंचीच्या मानाने रोड निघाली. महाराष्ट्रात खुजी ३५ आणि रोड जवळजवळ २६! सहा महिने ते दोन वर्षं या वयात पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात शंभरांत फक्त अकरा. एवढी मोठी उणीव एकट्या गरिबांच्या झोपड्यांत मावणारी नाही. बाटलीतून अर्धं पाणी घातलेलं दूध पिणारी, रक्त कमी असलेली, पांढरीफटक मुलं मी लष्कर भागातही रोज पाहते.

मागच्या पावसाळ्यात घाटीगावाकडची चौदा महिन्यांची एक मुलगी आली. आईबाप दगडखाणीवर, मुलगी आजीजवळ. "सूखा लागलाय" म्हणून आधी गळ्यात गंडा बांधला गेला होता. मग गावातल्या झोलाछाप, म्हणजे बिनपदवीच्या डॉक्टरने सलाईनची बाटली लावली आणि ताकदीचं टॉनिक दिलं. खाणं काय, तर दाल का पानी. आजी मला खुशीत म्हणाली, "अब तो पैर भर आए हैं." मी मुलीच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दोन्ही पावलांवर तेच. दंडाचा घेर साडेदहा सेंटिमीटर. केस विरळ, तांबूस, ओढले की हातात येणारे. पाय भरले नव्हते, सुजले होते, आणि ती सूज कुपोषणाची होती.

ही सूज डॉक्टरांना नवी नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, तिचं वर्णन केलं. पाठचं भावंड आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध तुटायचं आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज यायची. मका असो की डाळीचं पाणी, बाळाची फसवणूक तीच.

त्या मुलीला दाखल केलं. पहिले काही दिवस दर दोन तासांनी थोडं थोडं खास दूध, अंगाला ऊब, जंतुसंसर्गावर औषध. सूज उतरली तसं वजन आधी कमी झालं आणि आई घाबरून घरी न्यायला निघाली. तिला समजावलं, हे पाणी उतरतंय, आता मांस भरेल. मूल मग स्वतःहून वाटीकडे हात करू लागलं आणि आईला माझ्या शब्दांची गरज उरली नाही.

म्हणून वैदूंना आणि झोलाछाप डॉक्टरांना माझा ठाम विरोध आहे. अशा मुलाचं हृदय अशक्त असतं. गरज नसताना चढवलेली सलाईन त्याचा जीव घेऊ शकते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. आपण त्यावर हळहळतो, आणि मोबाईलवर पाहून वजन वाढवणारी पावडर मागवतो. बाळ रोड का होतंय, हे या दोन्ही ठिकाणी कोणी विचारलेलं नसतं. जंत, वारंवारचे जुलाब, क्षयरोग हेही कारण असू शकतं. ते तपासूनच कळतं.

पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मुलाला दवाखान्यात आणा :

– दोन्ही पावलांवर सूज, दाबल्यावर खळगा राहणं
– दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी (सहा महिने ते पाच वर्षं, अंगणवाडीतल्या पट्टीवर हा लाल रंग)
– मूल सुस्त, अंग थंड, अंगावर पिणं किंवा खाणं सोडलेलं
– कुल्ल्यांची कातडी सुरकुतून लोंबणं, बरगड्या मोजता येणं
– या रोडपणात ताप, जुलाब किंवा धाप

पट्टीवर पिवळा रंग, म्हणजे साडेअकरा ते साडेबारा, आला तर घाबरू नका. पण त्याच आठवड्यात दाखवा. सगळीच बारीक मुलं कुपोषित नसतात. खेळणारं, हसणारं आणि दर महिन्याला वजन वाढणारं मूल शेजारच्या गुबगुबीत बाळाशी ताडून पाहू नका.

आता खायला काय द्यायचं? घरात असतं तेच. घट्ट वरण-भात, खिचडी, दलिया, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, चालत असेल तर अंडं. त्यात तूप किंवा तेल चमचाभर, दाण्याचं बारीक कूट आणि शिजवून घोटलेली पालेभाजी. चमचा तिरका केल्यावर ओघळलं, तर ते पातळ आहे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, नऊ महिन्यांना अर्धी वाटी दिवसातून तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. आजारात खाणं बंद करू नका, उलट बरं झाल्यावर एक वेळ जादा द्या. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. बाटली फेकून द्या, वाटी-चमचा घ्या.

गरिबी खरी आहे, हे मला ठाऊक आहे. सहरिया, बैगा आणि भारिया बायांना पोषणासाठी मध्य प्रदेश सरकार डिसेंबर २०१७ पासून दरमहा पैसे देतं, ते त्याचसाठी. पण आई दिवसभर खाणीवर असेल तर चमचा धरायला घरात कोणीतरी हवंच, आणि ते काम सहा वर्षांच्या ताईवर टाकून चालत नाही. सरकारी पोषण पुनर्वास केंद्रात उपचार फुकट होतात, आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईचं मूल सुकत असेल, तर तिला जुने कपडे देण्याआधी तिथे घेऊन जा.

सासूबाईंनो, आजींनो, घरात बाळाच्या वाटीचा शब्द अजून तुमचाच चालतो. आज डाळ गाळू नका, घोटा. आणि या महिन्याचं वजन कार्डावर लिहून घ्या. दोन महिने ते वाढलं नसेल, तर तिसऱ्याची वाट न पाहता बाळाला डॉक्टरांकडे आणा.