स्टेम सेल दान : नाव देण्याआधी घरात बोला

‘हाडातला मगज दिला की माणूस पांगळा होतो’ ही भीती खोटी आहे. नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, बस. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमियाच्या रुग्णाशी जुळले तरच बोलावणे येते. मग चार-पाच दिवस इंजेक्शने, अंगदुखी. बहुधा हातातून रक्त घेऊन स्टेम सेल वेगळ्या काढतात, उरलेले रक्त परत देतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. मणक्याला हात लागत नाही.

सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारांत एक. बाहेरचा दाता बहुधा समाजातच सापडतो (पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने लावल्याचा परिणाम!). यादीत आपली माणसे नसतील तर आपल्या लेकराला कोण जुळणार?

मात्र घरच्यांना आधीच समजवा. नकार द्यायचा तर लवकर द्या. दानाच्या आधीच्या दिवसांत रुग्णाचा मगज औषधांनी मारलेला असतो. तेव्हा माघार घेतली तर त्याचा जीव जाऊ शकतो.