टॅपेटची फट : ट्रॅक्टरच्या झडपांची तपासणी व जुळणी

ट्रॅक्टरच्या एंजिनातून टिकटिक असा आवाज येऊ लागला म्हणजे मालकाचे लक्ष तत्काळ तिकडे जाते. तो कारागिरास बोलावितो. कारागीर रॉकरचे झाकण काढून टॅपेटचे स्क्रू थोडेथोडे आवळतो, आणि आवाज थांबला की काम चोख झाले असे उभयतांस वाटते. पुष्कळदा एंजिनाच्या नुकसानीस येथूनच आरंभ होतो. टिकटिकणारी झडप कानास त्रास देते व भागांची झीज वाढविते. परंतु गरजेहून घट्ट बसविलेली झडप मुळीच आवाज करीत नाही व आतल्या आत जळत राहते. म्हणून टॅपेटची फट कानाने नव्हे, तर मापाने लावावयाची असते. हे माप कसे घ्यावे व ते का आवश्यक आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

डिझेल एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरास सामान्यतः दोन झडपा असतात. कारखान्यात त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. एकीतून हवा आत येते व दुसरीतून जळलेला धूर बाहेर जातो. झडप मिटविण्याचे काम स्प्रिंग करते. उघडण्याची आज्ञा मात्र खालून येते : कॅम फिरतो, तो टॅपेटास उचलतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेच्या दांडीवर दाब देते. झडप मिटलेली असताना रॉकरचे हे टोक व दांडीचा माथा ह्यांच्यामध्ये जी बारीकशी मोकळी जागा राहते, तीच टॅपेटची फट होय. ती इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. कारागीर ह्या भागास थाऊ म्हणतात.

इतकी लहान फट ठेवण्याचे कारण उष्णता हे आहे. पोलादाची १०० मिलिमीटर लांबीची दांडी १०० अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे ०.१२ मिलिमीटरने लांब होते. भार घेऊन चालणाऱ्या एंजिनात धुराच्या झडपेचे तोंड ६०० अंशांच्याही वर तापते. सिलिंडरचे डोके, पुशरॉड व इतर भागही तापून वाढतात, परंतु सर्व भाग सारखे तापत नाहीत व सारखे वाढत नाहीत. हा फरक सामावून घेण्यास जागा नसेल, तर लांब झालेली दांडी रॉकरवर टेकते आणि झडप आपल्या बैठकीवर पुरती बसत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. झडपेस थंड होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे तिची बैठक. मिटलेल्या काळात झडपेची बरीचशी उष्णता बैठकीतून सिलिंडरच्या डोक्यात व तेथून पाण्यात जाते. झडप अर्धवट टेकली, तर हा मार्ग अडतो. त्याचबरोबर केसाएवढ्या फटीतून ज्वालेचा झोत दर स्फोटाबरोबर बाहेर निसटतो व झडपेची कड कापू लागतो. एंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास ७५० वेळा, म्हणजे तासास ४५,००० वेळा उघडते व मिटते. एका दिवसाच्या नांगरटीत हे किती वेळा घडेल, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. आतली हवा मूळ जागेच्या सुमारे सोळा-अठराव्या हिश्शात दाबली जाऊन जी तापते, तिच्यामुळेच तेल पेट घेते. झडप गळू लागली की दाब घटतो व हवा पुरेशी तापत नाही. सकाळी एंजिन पुष्कळ फिरवूनही लागत नाही, लागल्यावर काही काळ पांढरा धूर सोडते, चढावर दम टाकते. अशा वेळी बॅटरीस किंवा पंपास दोष दिला जातो, आणि खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

फट आपोआप बदलते, आणि ती दोन्ही दिशांनी बदलते. रॉकरचे टोक, टॅपेटचा तळ, पुशरॉडची टोके झिजली तर फट वाढते व आवाज येतो. उलट झडपेची कड व बैठक झिजून झडप डोक्यात वर सरकली, तर तिची दांडी रॉकरच्या जवळ येते व फट कमी होते. ह्या दुसऱ्या प्रकाराची वर्दी देणारा आवाज कोठेच नसतो. आवाज नाही म्हणून तपासणी नाही, ही समजूत त्यामुळेच घातक आहे.

उदाहरणासाठी मॅसी फर्ग्युसन ३५ ह्या ट्रॅक्टरावरील पर्किन्स ३.१५२ हे एंजिन घेऊ. नावातील ३ हा आकडा सिलिंडरांचा व १५२ हा घनइंचांचा आहे. सिलिंडरचा व्यास ३.६ इंच व दट्ट्याची चाल ५ इंच. ह्या घराण्याची तीन सिलिंडरांची एंजिने भारतातही मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर परिचयाची झाली. ह्या एंजिनाच्या दोन्ही प्रकारच्या झडपांस फट सारखीच सांगितलेली आहे : एंजिन थंड असता १२ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर, व गरम असता १० थाऊ, म्हणजे सुमारे ०.२५ मिलिमीटर. इतर एंजिनांचे आकडे निराळे असतात, आणि काहींत हवेच्या व धुराच्या झडपेस वेगवेगळी फट असते. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्या ट्रॅक्टरास लावू नये. निर्मात्याची पुस्तिका पाहावी. आकडा थंड एंजिनाचा की गरम एंजिनाचा, हेही तेथेच वाचून घ्यावे. कोमट एंजिन ह्या दोहोंपैकी कोणत्याच आकड्यास लागू पडत नाही, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरावर सकाळी थंड माप घेणे सर्वांत सोयीचे.

कामास बसण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी, वाऱ्याच्या धुळीपासून दूर उभा करावा. गिअर मोकळा ठेवावा, ब्रेक लावावा, एंजिन बंद करण्याची कळ ओढून ठेवावी व बॅटरीची एक तार सोडावी. रॉकरचे झाकण काढण्याअगोदर त्याच्या भोवतालची माती ब्रशाने व फडक्याने साफ करावी. झाकण उघडल्यावर पडलेली चिमूटभर माती तेलाबरोबर थेट बेअरिंगांपर्यंत जाते. साहित्य थोडेच लागते : फीलर गेज, लॉकनटाच्या मापाचा पाना, पेचकस, खडू, धुतलेले सुती फडके व एक वही. फीलर गेजची पाती गंजलेली वा मुरडलेली नसावीत.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी सहाही झडपांच्या फटी जशा आढळतील तशा मोजून वहीत लिहाव्यात. हे काम बहुधा कोणी करीत नाही, आणि तपासणीतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. धुराची एखादी झडप १२ च्या जागी ८ वर आढळली, ती १२ वर आणली, आणि पुढील तपासणीत ती पुन्हा ८ वर आली, तर ती झडप बैठकीत खचत आहे. अशा वेळी स्क्रू सैल करीत राहण्यात अर्थ नाही. डोके उतरवून झडप व बैठक कारखान्यात तपासून घ्यावी. वहीत आधीचा आकडाच नसेल, तर हे कळण्यास झडप जळेपर्यंत मार्ग उरत नाही.

माप घेताना झडप पूर्ण मिटलेली व टॅपेट कॅमच्या गोल भागावर असला पाहिजे. तीन सिलिंडरांच्या ह्या एंजिनात स्फोटाचा क्रम १-२-३ असा आहे. पंख्याकडील सिलिंडर पहिला. क्रँकशाफ्टच्या पुलीचा नट पान्याने धरून एंजिन चालण्याच्याच दिशेने हळूहळू फिरवावे व पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही रॉकरांवर नजर ठेवावी. धुराचा रॉकर वर येऊन झडप मिटत असतानाच हवेचा रॉकर खाली जाण्यास आरंभ करतो, त्या क्षणी थांबावे. पुलीवर व तिच्या समोरील स्थिर भागावर खडूने एकेक खूण करावी. ह्या स्थितीत दुसऱ्या सिलिंडरची हवेची झडप व तिसऱ्याची धुराची झडप लावता येते. नंतर खुणा पुन्हा समोरासमोर येईपर्यंत बरोबर एक फेरा द्यावा. आता पहिल्याच्या दोन्ही झडपा, दुसऱ्याची धुराची व तिसऱ्याची हवेची अशा चार झडपा लावाव्यात. कोणती झडप हवेची व कोणती धुराची, हे समोरच्या नळ्यांवरून ओळखता येते. चार सिलिंडरांच्या, १-३-४-२ क्रमाच्या एंजिनात जोड्या १ व ४ आणि २ व ३ अशा असतात. जोडीतील एका सिलिंडरचे रॉकर असे डोलत असताना दुसऱ्याच्या दोन्ही झडपा लावाव्यात.

रॉकर बोटांनी हलवून पाहावा. तो किंचित खुळखुळला पाहिजे. मुळीच खुळखुळत नसेल, तर एक तर एंजिन चुकीच्या जागी थांबले आहे, नाहीतर त्या झडपेची फटच नाहीशी झाली आहे. एंजिन थोडे पुढे-मागे फिरवून रॉकर हलतो का ते पाहिले की ह्यांतील खरे कारण समजते.

फट लावताना लॉकनट सैल करून स्क्रू पेचकसाने फिरवावा. योग्य जाडीचे पाते फटीतून सरकविताना बोटांस हलकीशी ओढ जाणवावी, आणि त्याहून एका थाऊने जाड पाते आत जाऊ नये. पाते जोराने ठोसून घालणे किंवा ते अगदी मोकळे सरकत असता समाधान मानणे, दोन्ही अयोग्य. नंतर पेचकसाने स्क्रू जागीच धरून लॉकनट आवळावा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून नट आवळल्यावर फट पुन्हा मोजावी. घाईत गाळली जाते ती हीच पायरी.

रॉकरच्या टोकास झिजून खळगा पडला असेल, तर सपाट पाते त्या खळग्यावर पुलासारखे टेकते व खरी फट पात्याच्या जाडीहून अधिक असते. अशा रॉकरची टिकटिक माप बरोबर असूनही थांबत नाही. ती थांबविण्यासाठी फट कमी करू नये. रॉकर बदलावा किंवा त्याचे टोक कारखान्यात घासून घ्यावे. वाकलेल्या पुशरॉडचेही तसेच. तो काढून काचेवर लोळवून पाहिला की वाक दिसतो.

जीप व मोटारींच्या बाबतीत रीत हीच आहे, मात्र तेलाच्या दाबावर आपोआप जुळणारे टॅपेट असलेल्या एंजिनात ही फट सहसा हाताने लावावयाची नसते.

तपासणी किती तासांनी करावी हे पुस्तिकेत दिलेले असते व तासांचा काटा ट्रॅक्टरावर असतो. सिलिंडरचे डोके उतरवून पुन्हा बसविले असेल, तर तासांची वाट न पाहता फट तपासावी. एरवी मृगाच्या अगोदर, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी हे काम उरकून घेणे बरे. त्यानंतर कारागीरही मिळत नाही व ट्रॅक्टरही रिकामा नसतो.

झाकण बसविताना त्याखालचे गास्केट तुटलेले नाही व फडके आत राहिलेले नाही, हे पाहावे. बॅटरीची तार जोडून एंजिन सुरू करावे, ते गरम होऊ द्यावे व झाकणाच्या कडेने तेलाचा ओघळ येतो काय ते पाहावे. ओघळ दिसल्यास नट अधिक आवळू नयेत, त्यामुळे पत्र्याचे झाकण वाकते. गास्केट नवे घालावे. शेवटी तारीख, काट्यावरील तास व प्रत्येक झडपेची आढळलेली व लावलेली फट वहीत नोंदवून वही ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीतच ठेवावी.