घाटातली शर्यत आणि लाल-हिरवी पाटी

भाची रविवारी मित्रांबरोबर भोरहून वरंध घाटाकडे गाडी पळवते. मामांनी बऱ्याच रॅलींत मार्शल म्हणून उन्हातान्हात उभं राहून दिवस काढलेत.

भाची : मामा, आता आम्ही नियम केलेत. हेल्मेट हवंच, बेल्ट हवाच. वरच्या वळणावर एक जण मोबाइल घेऊन उभा असतो.

मामा : आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला सांगितलेत का हे नियम? सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भाची : रॅलीवालेही रस्त्यावरच पळवतात की!

मामा : बंद केलेल्या रस्त्यावर. आधी शून्य क्रमांकाची गाडी जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघते. मग स्पर्धक एकेक करून सुटतात. गाडीत रोल केज, म्हणजे आतला संरक्षक पिंजरा, नसेल, तर तपासणीतूनच घरी.

भाची : पण डोकं तापलेल्या ड्रायव्हरला आवरतं कोण? तुम्ही ओरडून?

मामा : ओरडून कोण ऐकतंय! घड्याळ आवरतं. दोन स्टेजच्या, म्हणजे बंद रस्त्यावरच्या शर्यतीच्या टप्प्यांच्या, मधला रस्ता वाहतुकीला खुला असतो, तिथे पोचायची वेळ ठरलेली. आंतरराष्ट्रीय नियमात उशिराच्या दर मिनिटाला 10 सेकंद दंड, पण लवकर आलात तर दर मिनिटाला अख्खं मिनिट. मग गावातून गाडी पळवून मिळणार काय?

भाची : भन्नाट आहे हे.

मामा : याहून भारी प्रत्येक गाडीत असते ती पाटी. एका बाजूला हिरवं ‘ओके’, दुसऱ्या बाजूला लाल ‘एसओएस’. गाडी उलटली आणि मदत नको असेल, तर मागच्यांना हिरवी दाखवायची. लाल दिसली, तर मागच्याने थांबायचंच. न थांबणाऱ्याची तक्रार थेट स्टुअर्डकडे, म्हणजे स्पर्धेच्या पंचांकडे.

भाची : थांबणाऱ्याची वेळ फुकट गेली ना पण?

मामा : नाही, त्याला रास्त वेळ लावून देतात. नियम करणाऱ्याने माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही, हे मला फार आवडतं. तुमच्यातला एखादा वरंध घाटात कठड्यावरून खाली गेला, तर पुढे निघून गेलेल्याला कळणार तरी कसं? आणि स्पर्धांत सुरक्षेचं इतकं सगळं असूनही 8 जानेवारी 2023 ला चेन्नईच्या ट्रॅकवर शर्यतीतल्या अपघातात 59 वर्षांचे के. ई. कुमार गेले. मुरलेले ड्रायव्हर होते.

भाची : (जरा थांबून) मग मी सुरुवात कुठून करू?

मामा : टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतराच्या, रॅलीपासून. ठरलेल्या सरासरी वेगाने जायचं, वाहतुकीचे नियम पाळून. तू नॅव्हिगेटर हो. ताशी 36 ने 21 किलोमीटर, किती मिनिटं?

भाची : पस्तीस. आणि तेहतिसाव्याच मिनिटाला पोचले, तर वेळ नोंदवणाऱ्या चौकीच्या अलीकडे गाडी उभी करून दोन मिनिटं काढीन.

मामा : चौकीवरून दिसेल अशी उभी केलीस, तर बऱ्याच स्पर्धांत त्यालाही दंड आहे.