मोतीचं चित्र काढण्याआधी

चि. सोनूस,


शेजारच्या काकूंनी त्यांच्या गेलेल्या कुत्र्याचं, मोतीचं चित्र तुझ्याकडे मागितलं आणि तू ते जलरंगात करायला घेतलंस, हे वाचून मला फार आनंद झाला. पाठवलेले सराव मी बराच वेळ समोर ठेवून पाहिले. हात चांगलाच बसला आहे तुझा. पण इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या वेळी तुझ्या स्थिरचित्रात जो छायाप्रकाश होता, तो इथे दिसत नाही. कारण उघड आहे, तू पहिल्या फटकाऱ्यापासून केस रंगवायला बसलीस. त्यामुळे केस सगळे आले, पण मोती काही आला नाही.

कुणाला आपलं जनावर ओळखू येतं ते केसांवरून नाही. दोन डोळे आणि नाक यांचा त्रिकोण केवढा, एक कान जरा पडलेला आहे का, मान कशी धरतो, यावरून येतं. म्हणून आधी काकूंकडे जाऊन बस. एकच फोटो आणू नकोस, असतील तेवढे सगळे माग. मोबाइल अगदी तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक फुगून मोठं दिसतं आणि कान मागे जातात, त्यावरून रेखाटन केलंस तर चेहरा चुकणारच. फ्लॅशचे फोटोही बाजूला ठेव, त्यांत डोळे हिरवे चमकतात आणि सावल्या पुसल्या जातात. मोतीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या किंवा अंगणातल्या उजेडात काढलेला फोटो असेल तर तोच मुख्य धर. आणि काकूंना बोलू दे. तो दारात कसा बसायचा, हाक मारली की मान कुठे वळवायचा, हे त्या सांगतील तेव्हा कोणता फोटो खरा त्याच्यासारखा आहे ते तुला आपोआप कळेल.

कागदात काटकसर करू नकोस. सरावाला साधा चालेल, पण अखेरच्या चित्राला ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कापसाचा कोल्ड प्रेस कागद घे. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेव, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्याची खळ खराब होते आणि मग रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतात. रंग थोडेच पुरतील: यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि नाकाजिभेसाठी एखादा गुलाबी. ट्यूबमधला काळा वापरू नकोस. मोतीचे कान काळे होते, त्यांना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवून लाव. उघड्यावरच्या उजेडात काळ्या केसांवर आभाळाची निळसर झाक असते, ती या मिश्रणात निळा जरा वाढवला की येते. आयता काळा लावलास तर कान कापून चिकटवल्यासारखे दिसतील.

पहिला वॉश डोळे अर्धवट मिटून बघून दे. तसं बघितलं की केस दिसेनासे होतात आणि उजेड-सावलीचे तीन-चार मोठे भाग उरतात. तेवढेच लाव. गालावर आणि मानेवर कागद ओला असतानाच रंग सोड, कडा आपोआप मऊ होतील. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस. केस अगदी शेवटी, कोरड्या ब्रशने, तेही फक्त जिथे उजेड सावलीला भेटतो तिथे आणि कानाच्या व मानेच्या कडेला. दिशा मात्र चुकता कामा नये: केस नाकापासून वर कपाळाकडे आणि बाजूला गालांकडे जातात, छातीवर भोवरा असतो. मिशा वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडून काढ.

आता डोळा. इथे घाई केलीस तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाईल. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग फारच कमी दिसतो, तू सरावात तो सगळीकडून दाखवलास म्हणून मोती माणसासारखा टकमक बघतोय. चमक जिथे आहे तिथे कागद कोरा सोड. बाकी बुबुळावर ओकर आणि सिएनाचा पातळ थर दे, वाळू दे. मग वरच्या पापणीची सावली बुबुळावर उतरव, वर गडद आणि खाली विरत गेलेली. चमकेच्या समोरच्या बाजूला बुबुळ जास्त उजळ असतं, कारण आत शिरलेला उजेड तिकडे पोचतो. ती बाजू झाकू नकोस, डोळा गोल आणि ओलसर वाटतो तो त्यामुळेच. मधली गोल बाहुली आणि पापणीची काळी कड सर्वांत शेवटी. हा एवढा डोळा वेगळ्या कागदावर मोठा काढून काढून बसव, मगच चित्रात आण.

आल्ब्रेख्त ड्यूररचा ससा तू पुस्तकात पाहिला असशील. तो १५०२ सालचा आहे, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्याची चांगली मोठी प्रत मिळव आणि फक्त डोळा बघ: त्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब आहे. सशाचे केस त्याने एकेक काढले आहेत हे खरं, पण ते खालच्या तपकिरी वॉशवर, अंगाचा आकार बसल्यावर. तुला त्याच्याएवढे केस काढायची अजिबात गरज नाही, मात्र त्याचा क्रम पक्का लक्षात ठेव.

पैशाचं विचारलंस. घे. काकू आपणहून देताहेत आणि तू मेहनत करणार आहेस, यात संकोच कसला? फ्रेम करताना माउंट घालायला सांग, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. आणि थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका असं काकूंना आवर्जून सांग, जलरंग उन्हाने उडतात.

अखेरच्या कागदाला हात घालण्याआधी डोळ्यांच्या सरावाचे फोटो मला पाठव. दिवसाउजेडात काढ, ट्यूबलाइटखाली रंग नीट कळत नाहीत. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या